रेंज नसलेल्या वाटेवर फोन: कोणता घ्यावा, कसा वापरावा

डोंगरात, रानात किंवा किनाऱ्याकडेने लांब चालायला निघताना फोनबद्दल पहिला प्रश्न हमखास एकच असतो: तिकडे रेंज असते का? कुणाशी बोलायचं असेल तर प्रश्न रास्त आहे. वाट शोधायची असेल तर त्याचा फारसा संबंध नाही. आपण कुठे आहोत हे कळायला फोनला रेंज लागत नाही, सिमकार्डही लागत नाही. लागते ती बॅटरी, आणि आधीच उतरवून ठेवलेला नकाशा. हे एकदा उमगलं की फोन निवडण्यापासून तो कुठल्या खिशात ठेवायचा इथपर्यंतचे बहुतेक निर्णय सोपे होतात.

एका फोनमध्ये दोन रेडिओ

पहिला रेडिओ मोबाइल टॉवरशी बोलतो. तो ऐकतो आणि उत्तरही देतो. टॉवर लांब गेला की फोनला जास्त ताकदीने उत्तर द्यावं लागतं आणि टॉवर सापडेनासा झाला की तो पुन्हापुन्हा सगळ्या वारंवारता चाचपत राहतो. खिशात नुसता पडलेला फोन डोंगरात दुपारपर्यंत निम्मा रिकामा होतो तो यामुळे.

दुसरा रेडिओ उपग्रहांचे संकेत नुसते ऐकतो. आकाशवाणी ऐकणाऱ्याला केंद्राकडे काही पाठवावं लागत नाही, तसंच. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात आणि प्रत्येक जण सतत सांगत असतो की मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत. संकेत यायला किती वेळ लागला यावरून फोन त्या उपग्रहाचं अंतर काढतो. तीन अंतरं मिळाली की जागा ठरायला हवी, पण फोनचं घड्याळ तितकं अचूक नसतं. संकेत प्रकाशाच्या वेगाने येतो, त्यामुळे घड्याळात १ मायक्रोसेकंदाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. ही चूक काढून टाकायला चौथा उपग्रह लागतो. आताचे बहुतेक फोन जीपीएसबरोबर ग्लोनास, गॅलिलिओ आणि बेईदोऊ या यंत्रणाही ऐकतात. मोकळ्या आकाशाखाली चार उपग्रह मिळणं ही अडचण राहिलेली नाही.

मग ‘रेंज गेली आणि जीपीएस बंद पडलं’ ही तक्रार येते कुठून? बहुतेक वेळा जीपीएस ठणठणीत असतं, गायब झालेला असतो तो नकाशा. निळा ठिपका बरोबर जागी असतो, पण त्याच्याखालचं चित्र इंटरनेटवरून येत होतं आणि आता नुसता करडा पडदा उरलेला असतो.

दुसरं कारण थोडं खोल आहे. उपग्रह नेमके कुठे आहेत ही माहिती फोनला आधी मिळावी लागते. इंटरनेट असेल तर ती क्षणात उतरते. नसेल तर ती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते आणि उपग्रह ती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने पाठवतो. एका उपग्रहाची स्वतःची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा प्रसारित होते. मधेच झाड आडवं आलं, संकेत तुटला, की पुढच्या फेरीची वाट बघायची. घळीत किंवा दाट झाडीत यात बराच वेळ जाऊ शकतो, आणि तोवर फोन आपल्याला कालच्याच जागी दाखवत बसतो.

यावरचा उपाय साधा आहे. गाडीतून उतरल्यावर, रेंज आहे तोवरच लोकेशन चालू करा, नकाशाचं अ‍ॅप उघडा आणि ठिपका जागेवर येऊ द्या. मगच फ्लाइट मोड लावा. ही माहिती काही तास चालते. रेंज नसलेल्या मुक्कामावर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन चालू करणार असाल तर मोकळ्या जागी, पडदा आभाळाकडे करून, दोन-तीन मिनिटं एका जागी थांबा. चालत चालत हीच गोष्ट करायला गेलात तर जास्त वेळ लागतो.

पाच मीटर आणि पन्नास मीटर

मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनची चूक साधारण पाच मीटरच्या आत-बाहेर असते. पायवाटेसाठी एवढं पुरतं. पण उंच कड्याखाली संकेत थेट न येता समोरच्या खडकावर आपटून येतो. तो उशिरा पोहोचतो, फोनला वाटतं उपग्रह लांब आहे, आणि ठिपका दरीच्या पलीकडे उडी मारतो. अशा जागी चूक पन्नास मीटरांचीही सहज होते.

हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये दोन वारंवारतांवर ऐकण्याची सोय असते: जुनी एल१, म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्‌झ, आणि नवी एल५, म्हणजे ११७६.४५ मेगाहर्ट्‌झ. ही सोय असलेला पहिला फोन, शाओमीचा मी ८, २०१८ मध्ये आला. एल५ संकेताची घडण अशी आहे की थेट आलेला संकेत आणि आपटून उशिरा आलेला संकेत फोनला वेगळा ओळखता येतो. मोकळ्या पठारावर फरक जाणवणार नाही, घळीत आणि कड्याखाली जाणवतो. चालण्यासाठीच फोन निवडत असाल तर कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा ‘ड्युअल फ्रिक्वेन्सी’ ही ओळ आधी शोधा.

अँड्रॉइडवर ‘जीपीएसटेस्ट’ हे मोफत अ‍ॅप टाकलं की कोणते उपग्रह ऐकू येतात आणि त्यातले किती एल५ वर, हे यादीतच दिसतं. आकडेवारी वाचण्यापेक्षा ही तपासणी खरी.

ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ बघायची सवय लावा. ते मोठं असेल तर फोन स्वतःच सांगतोय की माझी खात्री नाही. आणि फोन मागच्या खिशात ठेवू नका. शरीरातलं पाणी या वारंवारतांचा संकेत शोषून घेतं, त्यामुळे अर्धं आकाश झाकल्यासारखं होतं. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर बांधलेली छोटी पिशवी किंवा सॅकचा वरचा कप्पा, या दोन्ही जागा चांगल्या.

फोन घेताना काय बघायचं

बॅटरी सगळ्यात आधी. नवा फोन असेल तर ५,००० एमएएच ही आज सहज मिळणारी आणि दिवसभराला पुरणारी क्षमता आहे. फोन दोन-तीन वर्षं रोज वापरलेला असेल तर छापील आकडा विसरा, बॅटरीची खरी अवस्था सेटिंगमध्ये दिसत असेल तर ती बघा.

होकायंत्र. स्वस्तातल्या काही फोनमध्ये चुंबकीय सेन्सर बसवलेलाच नसतो आणि हे खोक्यावर ठळक लिहिलेलं नसतं. जीपीएसला जागा कळते, पण तुम्ही उभे असाल तर तोंड कुठे आहे ते कळत नाही. ते सांगायला हा सेन्सर लागतो. तो नसेल तर दहा-वीस पावलं सरळ चालल्याशिवाय बाण भरवशाचा नसतो. सेन्सर असूनही बाण भरकटत असेल तर आधी कव्हर काढून बघा. झडपेचं कव्हर किंवा पाठीमागे चुंबकाची कडी असलेलं कव्हर होकायंत्राला सरळ खोटं बोलायला लावतं. कव्हर काढल्यावर फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा काही वेळा फिरवला की सेन्सर पुन्हा जुळतो.

दाबमापक म्हणजे बॅरोमीटर हा बहुधा महागड्या मॉडेलांत असतो. जीपीएसची उंची आडव्या जागेपेक्षा नेहमीच जास्त चुकते, कारण सगळे उपग्रह डोक्यावरच्या बाजूलाच असतात, पायाखाली एकही नसतो. हवेचा दाब मात्र समुद्रसपाटीजवळ दर ८ मीटर चढाईला साधारण १ हेक्टोपास्कलने कमी होतो आणि बॅरोमीटर तेवढा बदल टिपतो. फक्त हवामान बदललं तरी दाब बदलतो. रात्रीत दाब ५ हेक्टोपास्कलने उतरला तर तंबूत झोपलेला माणूस सकाळी ४० मीटर वर गेलेला दिसेल. म्हणून खिंड, शिखर अशा नकाशावर उंची लिहिलेल्या जागी आकडा दुरुस्त करून घ्यायचा. याचा उलटा उपयोगही आहे: जागेवरून न हलता उंची वाढत चालली असेल तर दाब पडतोय, हवा बिघडण्याची शक्यता आहे.

पडदा उन्हात वाचता आला पाहिजे. जाहिरातीतला सगळ्यात मोठा ‘निट्स’चा, म्हणजे पडद्याच्या उजळपणाचा, आकडा बऱ्याचदा पडद्याच्या लहानशा भागापुरता असतो, तेव्हा दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघणं उत्तम. पोलराइज्ड गॉगल वापरत असाल तर तो घालूनच बघा. काही पडदे उभे धरले की काळे पडतात, काही आडवे धरले की.

पाण्याबद्दल आयपी६७ आणि आयपी६८ हे शिक्के दिसतात. पहिला आकडा ६ म्हणजे धूळ आत जात नाही. दुसरा ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, आणि ८ म्हणजे उत्पादकाने सांगितलेली त्याहून कडक अट. ही चाचणी नव्या फोनची, गोड्या आणि साचलेल्या पाण्यात होते. सील जुनी होतात, फोन एकदा आपटून कडेला चीर गेली की शिक्क्याला अर्थ उरत नाही, आणि समुद्राचं पाणी या हिशोबात धरलेलंच नाही. शिक्का असला तरी घट्ट बंद होणारी एक प्लास्टिकची पिशवी जवळ ठेवावी.

‘रग्ड’ म्हणून विकले जाणारे जाडजूड फोन? बॅटरी मोठी असते, पडले तरी टिकतात, पण वजन बऱ्याचदा ३०० ग्रॅमच्या वर जातं, आणि त्यातल्या अनेकांची चिप जुनी, सॉफ्टवेअरचे अपडेट तुटपुंजे. साधा चांगला फोन, जाड रबरी कव्हर आणि छोटी पॉवरबँक हा संच बहुतेकांना जास्त उपयोगी पडतो. जुना फोन घरी पडून असेल तर तोही सोबत न्यायला हरकत नाही. सिम नसलं तरी त्याचं जीपीएस चालतं. त्यावर नकाशे भरून, बंद करून सॅकेत टाका.

नकाशा घरीच उतरवायचा

गुगल मॅप्स गावात उत्तम. पण त्याचा भाग ऑफलाइन उतरवला तरी पायी चालण्याची दिशा रेंजशिवाय मिळत नाही आणि डोंगरातल्या पायवाटा त्यात विरळ असतात. चालण्यासाठी ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेली अ‍ॅप घ्या. २००४ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प स्वयंसेवक चालवतात आणि ऑर्गॅनिक मॅप्स, ओस्मअँड अशी अ‍ॅप त्याचाच डेटा वापरतात. ऑर्गॅनिक मॅप्स साधं आणि झटपट, पहिल्यांदा वापरणाऱ्याला तेच बरं. ओस्मअँडमध्ये सेटिंगचं जंगल आहे, पण जे हवं ते सगळं सापडतं.

या नकाशावरची तुटक रेघ म्हणजे कुणीतरी, कधीतरी तिथून गेल्याची नोंद. ती वाट आज शाबूत आहे, झाडीने गिळलेली नाही, दरडीखाली गेलेली नाही, याची हमी नाही.

उंचीच्या रेषांबद्दल, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांबद्दल, जरा जास्त सावध राहायला हवं. दोन रेषांमधला उंचीचा फरक २० मीटर असेल तर १५ मीटरचा उभा कडा त्या दोन रेषांच्या मधे अख्खा लपू शकतो. कागदावर सौम्य उतार, प्रत्यक्षात तुटलेली धार. त्यात भर म्हणजे अनेक अ‍ॅपमधल्या या रेषा जमिनीवर मोजलेल्या नसतात. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीच्या बऱ्याच मोठ्या भागाची उंची मोजली, आणि तोच साधारण ३० मीटरच्या चौकोनांचा डेटा आजही खूप ठिकाणी वापरात आहे. एवढ्या मोठ्या चौकोनात अरुंद घळ आणि सरळ कडा दोन्ही गुळगुळीत होऊन जातात. म्हणून वाट सोडून ‘नकाशात उतार कमी दिसतोय’ एवढ्या आधारावर खाली उतरू नका. मोजणी करून छापलेला कागदी नकाशा मिळत असेल तर तो घ्या, त्यात कड्याची वेगळी खूण असते.

नकाशा उतरवल्यावर एक तपासणी न चुकता करा. फ्लाइट मोड लावा, वायफाय बंद आहे ना बघा, अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, आणि वाटेच्या अगदी शेवटच्या टोकाला जाऊन जास्तीत जास्त झूम करा. पायवाटा, ओढे, उंचीच्या रेषा दिसल्या तर काम झालं. करडा चौकोन दिसला तर अजून घरीच आहात, दुरुस्त करता येईल. नियोजित वाटेपुरताच भाग न घेता चारही बाजूंनी दहा-पंधरा किलोमीटर जास्तीचा घ्या. वाट चुकलेला माणूस नकाशाच्या कडेबाहेरच असतो.

दुसऱ्याने दिलेली वाट बहुधा जीपीएक्स फाइलमधून येते. तिच्यात दोन प्रकार असतात आणि दोघांचं नाव सारखंच असू शकतं. ट्रॅक म्हणजे कुणी प्रत्यक्ष चाललेल्या वाटेचे शेकडो-हजारो बिंदू. रूट म्हणजे मोजके टप्पे, ज्यांच्यामधली वाट तुमचं अ‍ॅप स्वतःच्या बुद्धीने जोडतं. रूट उघडला की दोन टप्प्यांना सरळ रेघेने जोडलेलं, मधे दरी असलेलं चित्रही दिसू शकतं. शक्य तिथे ट्रॅकच मागा. त्यावर पाण्याच्या जागा, फाटे आणि मधेच बाहेर पडायच्या वाटा स्वतः खुणा करून ठेवा. खुणेचं नाव कामाचं द्या: ‘पॉइंट ७’ पेक्षा ‘इथे उजवीकडे, डावी घळ बंद’ हे दमलेल्या डोक्याला लवकर कळतं.

ट्रॅक तुटतो का आणि अंतर फुगतं का

अँड्रॉइडवर सगळ्यात जास्त होणारा घोटाळा हा. सकाळी रेकॉर्डिंग चालू केलं, फोन खिशात टाकला, संध्याकाळी उघडलं तर नकाशावर दोन टोकांना जोडणारी सरळ रेघ. जीपीएस बिघडलेलं नसतं. पडदा बंद झाल्यावर थोड्या वेळाने फोनने बॅटरी वाचवण्यासाठी अ‍ॅपच झोपवलेलं असतं. काही कंपन्यांचे फोन याबाबत फारच आक्रमक आहेत.

अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर जाऊन बॅटरीच्या वापराखाली ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. लोकेशनची परवानगी देताना ‘अचूक स्थान’ चालू आहे ना बघा, आणि अ‍ॅप मागत असेल तर ‘नेहमी’ ही परवानगी द्या. फोनचा सर्वसाधारण बॅटरी सेव्हर मात्र रेकॉर्डिंग करताना बंद ठेवा, कारण अनेक फोनमध्ये तो पडदा विझला की लोकेशनच थांबवतो. बॅटरी वाचवायची म्हणून लावलेली सोय इथे नेमकी अंगाशी येते. हे सगळं केल्यावर घराभोवती अर्धा तास पडदा बंद ठेवून चाला आणि ट्रॅक अखंड आहे का बघा.

आता अंतर. तीन मित्रांचे तीन फोन एकाच वाटेचं वेगवेगळं अंतर दाखवतात, आणि बहुधा तिघेही खऱ्यापेक्षा जास्त. ताशी ४.५ किलोमीटरने चालणारा माणूस सेकंदाला १.२५ मीटर पुढे जातो. जीपीएसची चूक पाच मीटरची. दर सेकंदाला बिंदू नोंदवला तर प्रत्यक्ष चालीपेक्षा ठिपक्याचं डुगडुगणंच जास्त मोजलं जातं. दर ५ सेकंदांनी नोंदवला तर दोन बिंदूंमध्ये सव्वासहा मीटर पडतात आणि डुगडुग बरीच दबते. पायी चालताना ५ ते १० सेकंद हा अंतराल बरा. जेवायला बसलात की रेकॉर्डिंग थांबवा, नाहीतर बसल्याबसल्या शंभर-दोनशे मीटर ‘चालणं’ होतं. एकूण चढाईचा आकडा याच कारणाने आणखी फुगतो, तो मनावर घेऊ नये.

बॅटरीचा हिशोब

क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. सगळ्यात खादाड पडदा. त्याच्यामागोमाग रेंज नसलेल्या भागात टॉवर शोधणारा रेडिओ. जीपीएस ऐकणं या दोघांच्या मानाने स्वस्त. म्हणून फ्लाइट मोड लावून, पडदा बंद ठेवून ट्रॅक नोंदवणारा फोन बराच काळ तग धरतो, आणि जीपीएस बंद ठेवून रेंज शोधत राहिलेला फोन लवकर मरतो. आताच्या फोनमध्ये फ्लाइट मोड लावला तरी जीपीएस चालू राहतं, पण आपल्या फोनवर एकदा खात्री करून घ्या.

दुसऱ्याच्या आकड्यांवर न जाता स्वतःच्या फोनची चाचणी करा. पूर्ण चार्ज करा, फ्लाइट मोड आणि रेकॉर्डिंग चालू करून दोन तास चाला, दर पंधरा-वीस मिनिटांनी नेहमीसारखा नकाशा बघा. किती टक्के गेले ते लिहून ठेवा. दोन तासांत १० टक्के गेले तर दहा तासांच्या चालीला ५० लागतील. उरलेल्या ५० मधले ३० टक्के अडचणीसाठी राखून ठेवायचे, ते फोटोंचे नाहीत.

थंडीत लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. त्यामुळे कॅमेरा उघडण्यासारखं जड काम सांगितलं की व्होल्टेज एकदम पडतं आणि ३० टक्के दाखवणारा फोन विझतो. चार्ज संपलेला नसतो, फोन अंगाजवळ धरून ऊब दिली की परत येतो. म्हणून थंडीत फोन आतल्या खिशात, आणि रात्री पांघरुणात. शून्य अंशाखाली चार्ज मात्र करू नका. धातूरूप लिथियमचा थर आत साचतो आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. उन्हाचाही त्रास आहेच: अ‍ॅपल आपल्या आयफोनसाठी वापराची मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सिअस सांगते. तापलेल्या खडकावर ठेवलेला फोन आधी पडदा मंद करतो, मग बंदच पडतो.

पॉवरबँकेवरचा आकडा फसवा वाटतो त्याचं कारण असं. १०,००० एमएएच ही आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलची क्षमता, म्हणजे ३७ वॉट-तास. बाहेर देताना ती ५ व्होल्ट किंवा जास्त करावी लागते, फोन ती पुन्हा खाली आणतो, आणि या उलाढालीत साधारण तिसरा हिस्सा उष्णतेत जातो. उरतात २५ वॉट-तास. ५,००० एमएएचच्या फोनची बॅटरी सुमारे १९ वॉट-तासांची. म्हणजे दोनदा नव्हे, सव्वा वेळा भरते. दोन दिवसांच्या चालीला एका फोनसाठी एवढी पुरेशी. केबल आखूड घ्या, आणि घरून निघताना तीच केबल त्याच पॉवरबँकेला लावून चार्जिंग होतंय ना बघा. वाटेत दगा बहुधा केबलच देते. पोर्ट ओला असेल तर आधी फोन उलटा धरून पाणी झटका, वारा लागू द्या, आणि मगच केबल जोडा.

चालताना

फोन हातात धरून, पडद्याकडे बघत चालू नका. ठेच लागते हा एक भाग. त्याहून वाईट म्हणजे आजूबाजूचं काहीच लक्षात राहत नाही आणि परतीला प्रत्येक फाटा नवा वाटतो. फाट्यावर थांबा, नकाशा बघा, पुढच्या टप्प्यात काय दिसायला हवं ते मनाशी धरा (ओढा डावीकडे, मग चढ, मग सपाटी) आणि फोन खिशात टाका. दहा मिनिटांत ओढा आला नाही तर पुन्हा उघडा. वाट सोडल्यावर गजर देण्याची सोय अनेक अ‍ॅपमध्ये असते. ती ३० ते ५० मीटरवर ठेवा. त्याहून कमी ठेवली तर कड्याखाली उगाच वाजत राहील आणि तुम्ही ती बंद करून टाकाल.

पावसात ओला पडदा बोटाऐवजी थेंबांचं ऐकतो: नकाशा आपोआप सरकतो, रेकॉर्डिंगही बंद होऊ शकतं. खिशात टाकण्याआधी पडदा बटणाने लॉक करा आणि पुसायला एक कोरडं फडकं आतल्या कप्प्यात ठेवा.

फोनचा टॉर्च अंधारात चालायला नाही. एक हात अडकतो, उजेड पायाशीच पडतो आणि नकाशाची बॅटरी खर्च होते. डोक्याला बांधायचा दिवा वेगळा असावा. तसंच साधं चुंबकीय होकायंत्र आणि कागदी नकाशा, फोन दरीत पडला तर हेच उरतात.

मदत मागायची वेळ आली तर

इथे मात्र बोलणाऱ्या रेडिओचीच गरज आहे. फ्लाइट मोड काढा. पडद्यावर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असं दिसलं तर याचा अर्थ तुमच्या कंपनीचा टॉवर नाही, पण दुसऱ्या कुणाचा तरी आहे, आणि आपत्कालीन क्रमांक त्यावरून लागतो. ११२ हा क्रमांक अनेक देशांत चालतो, तरी जिथे जाणार तिथला क्रमांक आधी लिहून घ्या. कुठलाच टॉवर नसेल तर ११२ सुद्धा लागत नाही. सिम नसलेल्या फोनवरून कॉल काही देशांत लागतो, काही देशांत अडवला जातो.

कॉल तुटत असेल तर साधा एसएमएस पाठवा. बोलण्यासाठी जोडणी टिकून राहावी लागते, एसएमएसला क्षणभराची रेंज पुरते. गेला नाही तर पुन्हा पाठवा, सगळेच फोन आपणहून प्रयत्न करत नाहीत. घळीतून धारेवर किंवा मोकळ्या दरीकडे तोंड असलेल्या जागी जाता येत असेल तर जा, आणि तिथे फ्लाइट मोड लावून काढा म्हणजे फोन नव्याने शोध घेतो.

संदेशात जागा अक्षांश-रेखांशात द्या, आणि इथे एक महागात पडणारी चूक टाळा. ४६.३० अंश आणि ४६ अंश ३० मिनिटं या एकच जागा नाहीत. ३० मिनिटं म्हणजे अर्धा अंश, म्हणजे ४६.५०. फरक ०.२ अंशाचा, आणि अक्षांशाचा एक अंश १११ किलोमीटरचा असल्यामुळे शोधपथक २२ किलोमीटर लांब पोहोचेल. दशांश पद्धतच वापरा, दशांश चिन्हानंतर चार आकडे दिले तर जागा सुमारे ११ मीटरपर्यंत नेमकी होते, पाच दिले तर मीटरभरात. आकडे हाताने न टाइप करता अ‍ॅपमधून कॉपी करा. पुढे किती जण आहात, कुणाला काय झालंय, किती वाजलेत, बॅटरी किती उरली आणि तुम्ही त्याच जागी थांबणार आहात का, एवढं लिहा.

काही नव्या फोनमधून रेंज नसताना थेट उपग्रहामार्गे मदत मागता येते. आयफोन १४ मध्ये ही सोय २०२२ साली आली, गुगलच्या पिक्सेल ९ मध्ये २०२४ साली. ती मोजक्याच देशांत चालते, तेव्हा ज्या देशात चालणार तो यादीत आहे का हे आधी बघा. आकाश मोकळं लागतं, फोन पडद्यावर दाखवेल त्या दिशेला धरून ठेवावा लागतो, आणि झाडीत एक संदेश जायलाही मिनिटाहून जास्त लागू शकतो. आयफोनमध्ये सरावाची सोय आहे, ती घरीच करून बघा. वेगळं उपग्रह उपकरण नेणार असाल तर तिथला कायदा वाचा, काही देशांत परवानगीशिवाय ते बाळगणंच गुन्हा आहे.

काहीच लागलं नाही तर शिट्टी किंवा दिवा: मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट शांतता, मग पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं. दिवा डोक्याचा वापरा, फोनचा नव्हे. निरोप पोहोचला असेल आणि बॅटरी कमी असेल तर फोन चालू कधी करणार तेही निरोपातच कळवा, उदाहरणार्थ दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं, आणि मधल्या वेळेत तो बंद करून अंगाजवळ ठेवा.